तिसऱ्यांदा पाण्यात गेलेलं घर: पैसे कोणी द्यायचे?

सरळरेषा

विषय नाजूक आहे. पूरग्रस्तांची चेष्टा करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे चुलते सांगलीत गावभागात राहतात. २००५ ला घरात पाणी, २०१९ ला त्याहून जास्त, २०२१ ला पुन्हा. दर वेळी पंचनामा, सानुग्रह अनुदान, चिखल काढणं, रंग. घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या, आत आहे हे त्यांनाही माहीत, महापालिकेलाही. मुलगा "उंचावर फ्लॅट बघू" म्हणतो, ते "बघू" म्हणतात.

आपत्ती म्हणजे अवचित आलेलं संकट. तीच नदी ठरावीक वर्षांनी त्याच घरात येत असेल, तर त्याला आपत्ती म्हणायचं की सवय? हा प्रश्न फक्त पुराचा नाही. पीक विमा, कर्जमाफी, अतिवृष्टी अनुदान, सगळीकडे हेच चाललंय. जोखीम माणसाने घ्यायची आणि भुर्दंड तिजोरीने सोसायचा.

माझं मत: पहिल्यांदा पूर्ण मदत, दुसऱ्यांदा जागा सोडण्याच्या अटीवर, तिसऱ्यांदा जीव वाचवण्यापुरती बोट आणि जेवण. बोला.

टवाळखोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तिसऱ्यांदा डबा भरून मिळेल की जागा सोडावी लागेल?

मनमौजी

सरळरेषा, १००% सहमत. आमचा टॅक्स झाडाला लागत नाही.

शिरोळची सून

दादा, तुम्ही पुण्यात बसून लिहिताय असं वाटतंय. चुकत असेन तर सांगा.

माझं सासर शिरोळ तालुक्यात. कृष्णा-पंचगंगेचा संगम आमच्या अंगणातच म्हणा ना. नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी चढलं की लोक तिथल्या दक्षिणद्वाराला अंघोळीला गर्दी करतात. पाणी येणं ही आमच्याकडे बातमी नाही. किती आलं आणि किती दिवस थांबलं, ही बातमी. जुनी माणसं राजापूर बंधाऱ्याची पातळी आणि कोयनेचा विसर्ग ऐकून सांगतात, आज रात्री जनावरं हलवायची का उद्या सकाळी.

आता जागा सोडायची गोष्ट. आमच्या गावात काही जणांना मागे गावठाणाबाहेर प्लॉट मिळाले. माणसं राहतील एवढे. म्हशी कुठं बांधायच्या? कडबा कुठं ठेवायचा? शेत नदीकडेला, प्लॉट लांब, आणि धार काढायची पहाटे. मग झालं काय, म्हाताऱ्यांनी तिकडं कुलूप लावलं नि परत खाली आले. तुमच्या हिशेबात हे "जागा दिली तरी गेले नाहीत" असं नोंदलं जाणार. माझ्या सासूबाई म्हणतात, घर हलवायला सांगणारा आधी गोठा हलवून दाखवू दे.

आणि गाळ विसरू नका. ज्या पाण्यानं घर बुडतं त्याच पाण्याच्या गाळावर आमचा ऊस उभा राहतो आणि कारखाना चालतो. नदीजवळ राहणं हा आमचा हट्ट नाही. धंदाच तो आहे.

मनमौजी

ऊस चालतो तेव्हा नफा तुमचा, पाणी आलं की तोटा सगळ्यांचा. हेच तर धागाकर्ते म्हणतायत ना?

शिरोळची सून

नफा बघायला एकदा या. एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा ठरलेला भाव) थकल्यावर या.

आकडेमोड

भांडण रंगण्याआधी रकमा बघू. "तिजोरी लुटली" म्हणणाऱ्यांनी शासनाचे निकष एकदा तरी वाचावेत.

२०२२ ते २०२६ साठीचे केंद्राचे निकष असे आहेत. सपाट भागात पक्कं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५००, भांड्याकुंड्यांसाठी २,५००. दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५०० (बाजारात चांगली म्हैस कितीला पडते ते सूनबाई सांगतील). माणूस गेला तर ४ लाख. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असेल तरच. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्के होती.

८,५०० हेक्टरी म्हणजे गुंठ्याला साधारण ८५ रुपये. यात बियाणंही निघत नाही.

राज्य अधूनमधून यात स्वतःची भर घालतं. कधी मर्यादा ३ हेक्टर होते, कधी परत २. पण निकषांचा हेतू नुकसान भरून देण्याचा नाहीच. माणूस पुन्हा उभा राहीपर्यंतचा तो आधार आहे. त्यामुळे "मदत मिळते म्हणून लोक नदीत घरं बांधतात" हे मला पटत नाही. कपड्यांच्या अडीच हजारांसाठी कोणी बायकापोरांना पाण्यात बसवत नाही.

पैसा येतो कुठून तेही सांगून ठेवतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. ईशान्य आणि डोंगरी राज्यांसाठी ९०:१०. हा सगळा डोलारा उभा आहे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो आला.

सरळरेषा

आकडेमोड, आभार. पण एकेका घराची रक्कम लहान म्हणून एकूण खर्च लहान होत नाही. लाखो शेतकरी गुणिले लहान रक्कम. शिवाय रक्कम लहान असेल तर माझाच मुद्दा बळकट होतो. एवढ्याने कोणाचंच भलं होत नाही, तर दर वेळी वाटत कशाला बसायचं? तोच पैसा साठवून एकदाच माणसं वर हलवा.

निवृत्त महसुली

नोकरीत असताना पंचनामे केलेला माणूस म्हणून लिहितो.

पाणी ओसरायला लागलं की वरून आदेश: आठ दिवसांत पंचनामे संपवा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघांची जोडगोळी (हसू नका, तिघांचीच असते). एका सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, चार-पाच गावं. चिखलात गाडी जात नाही. गावात शिरलं की पहिलं वाक्य कानावर येतं, "साहेब, शेजाऱ्याचं लिहिलं, आमचं का नाही?" ३३ टक्के की ३० टक्के हे डोळ्यांनी ठरवायचं. २८ लिहिलं तर रात्री घरी फोन. मग सगळ्या गावाचं ३३ च्या वरच होतं. यात पैसे खाणारे होते, मी नाकारत नाही. पण बऱ्याच वेळा कारण एवढंच, की त्याच गावात उद्याही काम करायचं असतं.

दुसरं म्हणजे "चूल वेगळी". एका घरात तीन भाऊ, पाणी एकाच घरात, मदत कुटुंबाला. मग एका रात्रीत तीन चुली होतात आणि पुढच्या महिन्यात विभक्त रेशनकार्डाचे अर्ज. कायद्याने चूक. पण खरोखर तीन संसार एका छपराखाली नांदत असतील, तर एकालाच भांड्यांचे पैसे देणं तरी बरोबर कसं?

२०१९ ला घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट शासन निर्णयात होती. केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? ४० तास पाणी राहिलं त्या घरातलं पीठ काय कोरडं असतं?

सांगायचं एवढंच, की सरळरेषांची पहिल्यांदा-दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदाची योजना कागदावर छान आहे. अंमलबजावणी करायची म्हटली की तो शिक्का मारणार तलाठीच. "हे घर तिसऱ्यांदा" असं लिहायचं धाडस कोण करेल? आणि लिहिलंच, तर न लिहिण्याचा दर किती होईल?

टवाळखोर

दुसऱ्याच वेळी घर भावाच्या नावावर. तिसऱ्यांदा मेहुण्याच्या. नदीला काय, तिला सातबारा वाचता येत नाही.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला माझं दुकान छतापर्यंत पाण्यात होतं. मी वैयक्तिक जबाबदारीच्या बाजूचा आहे. निदान होतो. विमा काढलेला होता, दर वर्षी हप्ता भरत होतो, त्यामुळे निर्धास्त.

पाणी ओसरल्यावर कळलं की पॉलिसी बँकेने काढलेली, आणि बँकेने काढली ती कॅश क्रेडिट कर्जाच्या मर्यादेएवढी. माल त्याच्या दुपटीहून जास्त. मग कमी रकमेचा विमा म्हणून दाव्यातही त्याच प्रमाणात कात्री. सर्व्हेअर म्हणाला, स्टॉक रजिस्टर दाखवा. रजिस्टर वाशिष्ठीने नेलं होतं. ते अरबी समुद्रात शोधायला हवं होतं.

तरी मी उभा राहिलो, कारण काहीतरी मिळालं. माझ्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचा विमाच नव्हता. त्यांना सरकारी मदत आणि बाहेरून आलेल्या मुलांच्या फावड्यांनी तारलं. कुठून कुठून पोरं आली होती गाळ काढायला. त्यात सरकारही नव्हतं आणि वैयक्तिक जबाबदारीही नव्हती. या तिसऱ्या गोष्टीबद्दल धाग्यात कोणी बोललेलं नाही.

घरवाल्यांसाठी कामाची माहिती: एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी आणली आहे. पूर, वादळ, भूकंप, दरड सगळं मूळ पॉलिसीतच. घराचा विमा काढला की सामानाला आपोआप घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख. आणि विमा कमी रकमेचा निघाला तरी त्या प्रमाणात दावा कापत नाहीत. दुकानात मला जो फटका बसला तो यात बसत नाही. बँकेच्या भरवशावर राहू नका, स्वतः वाचा.

मनमौजी

हाच माझा मुद्दा. विमा सक्तीचा करा, सानुग्रह बंद करा. विषय संपला.

आकडेमोड

विषय संपला? पीक विम्याचं काय झालं बघा.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. सुरुवातीला कर्जदारांना सक्तीची होती. तक्रारी इतक्या झाल्या की २०२० पासून ऐच्छिक केली. मग २०२३ ला आपल्या राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा १ रुपयावर आणला. अर्ज धो धो आले, त्यात देवस्थानाच्या आणि सरकारी जमिनींवरचे बोगस अर्जही निघाले. २०२५ ला एक रुपयावाली योजना बंद.

म्हणजे सक्ती करून पाहिली आणि जवळजवळ फुकटही देऊन पाहिलं. दोन्हीकडे अडलं. अडचण हप्त्याची कमी आणि नुकसान मोजण्याची जास्त आहे. पीक कापणी प्रयोग (निवडक शेतांतलं पीक कापून उत्पन्न मोजणं) होतात महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पातळीवर. माझ्या शेतात गारा, मंडळाची सरासरी ठणठणीत, तर मला शून्य.

मराठवाडी गडी

हे खरंय. आमच्याकडं तक्रार ७२ तासांत ॲपवर टाका म्हणायचे. शेतात कमरेएवढं पाणी, लाइट नाही, टॉवर बंद. फोटो काढायला जायचं तर पोहत जावं लागतंय. आता तर २०२५ पासून ती वैयक्तिक तक्रारीची भानगडच काढून टाकली, फक्त पीक कापणीवर हिशेब.

आन त्या सप्टेंबरात सीना नदीला आलं तसं पाणी आजोबानंबी बघितलं नव्हतं. आमचं गाव दुष्काळी. टँकरची यादी पाठ असलेल्या माणसाला तुम्ही पूररेषा विचारताय होय? सरळरेषा, तुमचं "तिसऱ्यांदा" आमाला कसं लावणार? आमचं पहिल्यांदाच होतं, आन पहिल्यांदाच माती वाहून गेली. पीक गेलं तर पुढच्या साली येतंय. माती कुठून आणायची?

सरळरेषा

तुमच्यासारख्यांना पूर्ण मदत व्हावी असंच मी म्हणतोय की. पहिल्यांदा पूर्ण, हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे.

इतिहासाचा किडा

उशिरा आलो, तरी लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढे जा.

"मदत दिली की लोक आळशी होतात" हा युक्तिवाद नवा नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. खडी फोडायची आणि एवढं खायचं. कारण काय, तर सरकारी खर्चाला शिस्त हवी आणि लोकांना सवय लागायला नको. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी संप केला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. तेव्हाही मोठ्या पगाराच्या लोकांना तळागाळाच्या सवयींची फार काळजी होती.

आता दुसरं टोक. १९७२ चा दुष्काळ. आमच्या घरात अजून मदतीत मिळालेल्या सुकडीची आणि लाल मिलो ज्वारीची आठवण निघते. त्या वेळी लाखो माणसं सरकारी कामांवर होती: पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. त्यातून रोजगार हमी योजना (रोहयो) पक्की झाली. वि. स. पागे यांची कल्पना, आधी तासगावात प्रयोग, मग राज्यभर, १९७७ ला कायदा. मागेल त्याला काम. काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. पुढे २००५ ला देशाने कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता.

मला यात धाग्याचं उत्तर दिसतं. यात सरकार आणि माणूस एकमेकांसमोर उभे नाहीत. सरकारची जबाबदारी काम देण्याची, माणसाची जबाबदारी घाम गाळण्याची. पैसे कोणाचे? तर शहरातल्या पगारदारांचे. १९७५ ला व्यवसाय कर आला तो रोहयोसाठीच. मनमौजी, तुमची पगाराची स्लिप काढा. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. वर्षाचे अडीच हजार.

मनमौजी

काढली. आहेत. आता चीडही येते आणि अभिमानही वाटतो, नक्की काय वाटावं कळत नाही.

टवाळखोर

फेब्रुवारीत दिवस कमी आणि कपात जास्त, हा खरा अन्याय. यावर वेगळा धागा काढा.

कोपऱ्यातली

इतके दिवस वाचनमात्र होते. इतिहासाचा किडा, पटलं, पण अर्धंच. रोहयोत धडधाकट माणूस काम करेल. पुरात घर गेलेली सत्तर वर्षांची विधवा काय खड्डे खणणार? दर वेळी "कष्ट करून घ्या" म्हटलं की म्हातारे, आजारी आणि लहान पोरांच्या आया यादीबाहेर पडतात. त्यांना बिनशर्तच द्यावं लागतं.

मनमौजी

बिनशर्तवरून आठवलं, लाडकी बहीण! दरमहा १५०० आणि उत्पन्नाची अट अडीच लाख. आमच्या सोसायटीत चारचाकीवाल्यांनीही अर्ज भरले होते.

कोपऱ्यातली

आणि आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींनी त्या पैशांतून पोरीला नर्सिंगच्या क्लासला घातलं. दोन्ही खरं असू शकतं.

नियमित हप्तेवाला

कर्जमाफीचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. मी सोसायटीचं कर्ज दर वर्षी मार्चअखेर भरतो. बायकोचा दागिना मोडून भरलेलं आहे. माझ्या वाट्याला "प्रोत्साहनपर" रक्कम, तीही रडतरखडत. शेजारचा कोणी सांगायच्या आधीच भरायचा थांबला, "यंदा निवडणूक आहे" म्हणून. त्याचं सगळं माफ. गावात शहाणा कोण ठरला? मी पुरावर काही बोलत नाही, पण सरळरेषा यांचा राग मला कळतो.

निवृत्त महसुली

नियमित हप्तेवाल्यांना नमस्कार. हे दुखणं खरं आहे आणि त्यावर सरकारकडे चांगलं उत्तर नाही. पण कर्जमाफी आणि पूर यांना एकाच दावणीला बांधू नका. कर्ज थांबवणं माणसाच्या हातात असतं, पाणी थांबवणं नसतं.

व्यवस्थापक

धागा आपत्तीतली मदत आणि जबाबदारी यावर आहे. निवडणूक, पक्ष आणि लाडक्या/दोडक्या योजनांवर स्वतंत्र धागे आहेत. वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

तेरणाकाठ

"सगळ्यांना वर हलवा" म्हणणाऱ्यांसाठी. आमचं गाव हललेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली आलं. दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली. जागतिक बँकेचं कर्ज, देणगीदार संस्था, सरकार, सगळे आले. आम्हाला नवं घर मिळालं, मी कृतघ्न नाही. पण गाव शहरातल्या कॉलनीसारखं आखलं. रुंद रस्ते, घरांत अंतर, वाडा नाही, गोठा नाही. पूर्वी आई ओसरीवरून हाक मारायची आणि चार घरं उठायची. नव्या गावात म्हाताऱ्यांना शेजारच नाही. कित्येकांनी पुढे मोकळ्या जागेत पत्र्याची शेडं मारली, अंगण आपल्या हाताने परत आणलं.

त्याच वेळी दुसरीही योजना होती. जिथे नुकसान कमी, तिथे घर हलवायचं नाही. मालकाला टप्प्याटप्प्याने पैसे आणि साहित्य, अभियंत्याने भिंती बांधून घ्यायची पद्धत सांगायची, काम मालकाने स्वतः करून घ्यायचं. पहिला टप्पा झाला, तपासला, की पुढचा हप्ता. लाखाहून जास्त घरं अशी दुरुस्त झाली. माझ्या मामांचं घर त्यातलं. ते अजून पाहुण्याला भिंतीतली कोपऱ्याची बांधणी दाखवतात, "ही मी घातली" म्हणून. आम्हाला मिळालेलं घर आम्ही असं कधी कोणाला दाखवलं नाही.

सरळरेषा

तेरणाकाठ, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. मग पुराला हेच का करू नये? रंगाला पैसे देण्यापेक्षा जोतं उंच करायला, तळमजला मोकळा ठेवून वर राहायला द्या. तिसऱ्यांदा आलेल्याला शून्य देण्याऐवजी तिसऱ्यांदा फक्त यासाठीच.

नकाशेवाला

नगररचनेत काम केलं आहे, म्हणून पूररेषेबद्दल. बरेच जण ती नदीएवढीच जुनी असल्यासारखं बोलतायत.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, तिथे बाग, मैदान, शेती, एवढंच. दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. रेषा आखतं जलसंपदा खातं, बांधकामाची परवानगी देतं दुसरंच कार्यालय. पुष्कळ गावांत वस्ती आधी आली आणि रेषा नंतर. काही ठिकाणी रेषा आली, तरी लोकांनी ओरड केली म्हणून ती "फेरसर्वेक्षणात" गेली. ओरड करणाऱ्यांत बिल्डर होते, नगरसेवक होते आणि तुमच्या चुलत्यांसारखे साधे मालकही होते, कारण रेषेत आलं की घराची किंमत जाते.

त्यात गुंठेवारी. सांगलीकरांना सांगायला नको. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्टॅम्प पेपरवर विकले, गरिबांनी घेतले कारण परवडणारं तेवढंच होतं. २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ ला त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. नदीपात्राजवळचं नियमित होत नाही, पण घरपट्टी घेतात, नळ देतात, रस्ता करतात. वीस वर्षं घरपट्टी घेतल्यावर पूर आला की म्हणायचं, "तू इथे राहायलाच नको होतंस"? माणसाने निवड केली खरी, पण ज्या दुकानातून निवडली त्याचा परवाना सरकारनेच दिला होता.

बाकी सरळरेषांच्या नव्या सूचनेला पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या रकमेचे दोन भाग केले: ८० टक्के प्रतिसादाला, २० टक्के आधीच जोखीम कमी करायला. त्या २० मध्ये हे बसवता येईल. ओरड कोणाची होते बघा. मदत मिळाली नाही म्हणून मोर्चा निघतो. जोतं उंच केलं नाही म्हणून निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

शिरोळची सून

मग आम्ही काढतो! पण आधी उंचवट्यावर जनावरांची शेड मागणार. सगळ्या गावाची एक, पाण्याची टाकी आणि कडब्याची जागा धरून. दर पुराला माणसं मागं का राहतात माहितीय? म्हशीपायी. एनडीआरएफचा जवान बोट घेऊन दारात येतो नि आमचा माणूस म्हणतो "तुम्ही व्हा पुढं". त्याला तुम्ही बेजबाबदार म्हणणार. म्हैस सोडून येणाऱ्याला आमच्यात बेजबाबदार म्हणतात. आणि बोट वेळेत आली नाही की लोक मिळेल त्या बोटीत चढतात. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी परत लिहीत नाही.

सरळरेषा

काल चुलत्यांना फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. मी म्हटलं, विकून टाका. ते म्हणाले, "विकतो. तू घेतोस?"

टवाळखोर

काकांना इथलं सदस्यत्व द्या.

मनमौजी

काका बाजी मारून गेले, पण उत्तर नाही दिलं. विकत घेणारा नसेल तर ते घर सरकारने घ्यावं का? बाजारभावाने? माझ्या टॅक्समधून? मी अजून "नाही"वरच आहे. जोत्याला पैसे द्या, शेडला द्या, २० टक्क्यांतून द्या. रंगाला नको.

नकाशेवाला

सरकारने घ्यायचं तर कोणत्या भावाने हाच पेच आहे. पुराआधीचा भाव दिला तर मनमौजी रागावणार, नंतरचा दिला तर काका उठणार नाहीत.

मराठवाडी गडी

तुमचं मिटेपर्यंत एक विचारू का? खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार आन बाकी रोहयोतून तीन लाखांपर्यंत असं जाहीर झालं हुतं. आमच्या गावात यादी लागली, माझं नाव हाय, चुलतभावाच्या खात्यात आले, माझ्या नाही. सेवा केंद्रवाला म्हणतो केवायसी राहिली. नेमकं काय करायचं?

निवृत्त महसुली

यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असेल, तो लिहून घ्या. आधार कार्ड आणि तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा, अंगठा द्या, पावती मागून घ्या. आधार ज्या बँक खात्याला जोडलेलं आहे तिथेच पैसे जातात, तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यात नव्हे. त्यामुळे आधी जुनं एखादं खातं जोडलेलं आहे का बघा. पावतीवर आधारचा किंवा खात्याचा तपशील चुकीचा दिसला तर तिथेच हरकत नोंदवा, ती तहसीलला जाते. आणि सामाईक खातेदार असाल तर बाकीच्यांची संमती लागेल. भाऊ भांडत असतील तर आधी ते मिटवा.

मराठवाडी गडी

सामाईकच हाय. भांडतोय बी. बघतो.